‘होय’वर खूण करणाऱ्याचं पुढे काय होतं?

प्रति,
महासाथीच्या काळात प्रवासाचे नियम ठरवणारे सर्व देशांचे आरोग्य व पर्यटन मंत्री, तसेच ‘आज मध्यरात्रीपासून लागू’ असे आदेश रात्री नऊला काढणारे त्यांचे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी पर्यटकांचे गट घेऊन फिरते. विमानतळावर झेंडी उंच धरून सगळ्यांच्या पुढे, आणि बसमध्ये चढताना डोकी मोजत सगळ्यांच्या मागे, असं माझं काम. त्यामुळे तुमचे नियम मला राजपत्रात वाचायला मिळत नाहीत. ते काउंटरसमोर उभं राहिल्यावर कळतात.

२०२० च्या मार्चमधली, कोरोनाची साथ जगभर पसरत होती तेव्हाची गोष्ट. विमान उतरायला अर्धा तास असताना केबिन क्रूने एक कागद वाटला. नाव, पासपोर्ट क्रमांक, सीट क्रमांक, आणि खाली प्रश्न: गेल्या १४ दिवसांत ताप, खोकला, श्वास घ्यायला त्रास? ‘होय’ किंवा ‘नाही’च्या चौकोनात खूण करा. माझ्या गटातल्या एका निवृत्त शिक्षकांना दोन दिवसांपासून खोकला होता. पेन हातात धरून ते मागे वळले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, काय लिहू?”

मी म्हटलं, “सर, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा.”

इतकं भित्रं उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलं नसेल. त्यांनी ‘नाही’वर खूण केली. खोकला धुळीचा आहे, असं ते म्हणाले होते, आणि मीही आजवर स्वतःला तेच सांगत आले आहे. पण त्या वेळी आम्ही दोघंही मनात एकच हिशोब करत होतो. ‘होय’ लिहिलं तर बायकोपासून वेगळं काढतील का? ठेवतील कुठे, किती दिवस? पैसे कोण भरणार? बाकीच्या तीस जणांनाही अडकवून ठेवतील? परतीचं तिकीट बुडालं तर? कागदावर यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. क्रूला विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं.

हे पत्र त्या चौकोनाबद्दल आहे.

तुम्ही म्हणाल, लोक खोटं लिहितात म्हणून तर आम्ही थर्मल गन लावल्या. त्यांचीही गोष्ट ऐका. जानेवारी २०२० मध्ये वुहानहून फ्रान्समध्ये गेलेल्या एका बाईंनी समाजमाध्यमावर लिहिलं की निघण्यापूर्वी ताप उतरवण्याचं औषध घेतलं आणि तपासणीतून सुखरूप सुटले. पॅरिसमधल्या चिनी दूतावासाला त्यांचा शोध घ्यावा लागला. बाई चुकल्याच. पण जे यंत्र एका साध्या गोळीला फसतं, त्याच्यावर अख्ख्या देशाचं दार सोपवणारे शहाणे कसे म्हणायचे? त्यातून कोरोना विषाणूची लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागत, बहुतेकांना पाचेक दिवस. म्हणजे गोळी न घेतलेला, अगदी प्रामाणिक माणूसही कपाळावर गन धरली तरी गार निघणार. ताप मोजून साथ अडत नाही. ज्याला बरं वाटत नाही त्याने स्वतःहून सांगणं, हाच सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत लवकर मिळणारा सुगावा होता. आणि नेमकं ते सांगणंच आपण सगळ्यांनी मिळून महाग करून ठेवलं.

माणसांचं सोडा, देशांच्या बाबतीतही तुम्ही हेच केलंत. २४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेने जागतिक आरोग्य संघटनेला विषाणूचा एक नवा प्रकार सापडल्याचं कळवलं. तिथल्या शास्त्रज्ञांची नजर तीक्ष्ण, प्रयोगशाळा चांगल्या, आणि दडवण्याची इच्छा नाही, म्हणून जगाला ओमिक्रॉन इतक्या लवकर समजला. २६ तारखेला त्याचं बारसं झालं, आणि त्याच सुमारास एकामागून एक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची विमानं बंद केली. पुढे नेदरलँड्समधल्या जुन्या नमुन्यांत हा प्रकार सापडला. ते नमुने १९ आणि २३ नोव्हेंबरचे होते. म्हणजे दार लावलं तेव्हा पाहुणा आत येऊन बसलेला होता, आणि शिक्षा झाली ती त्याची वर्दी देणाऱ्याला.

त्याच २६ तारखेला दक्षिण आफ्रिकेहून निघालेली दोन विमानं ॲम्स्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर उतरली. आत सुमारे ६०० प्रवासी. ते हवेत असतानाच नियम बदलले होते. आधी विमानातच, मग विमानतळावर त्यांना कित्येक तास थांबवून ठेवलं. तपासणीत ६१ जण बाधित निघाले. उरलेल्यांनी ते तास या ६१ जणांच्या संगतीत काढले. अशा ठिकाणी कधी अडकला आहात का तुम्ही? मी अडकले आहे. उडत्या विमानातली हवा तशी बरी असते. तिथले फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात आणि केबिनमधली हवा तासाला वीसेक वेळा तरी बदलते. खरा घोळ जमिनीवर असतो. विमान उभं राहतं, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा मंदावते किंवा बंद पडते, आणि दार उघडण्याचा हुकूम काही येत नाही. मुलं रडतात, माणसं मास्क खाली ओढून पाणी पितात, फोनवर तावातावाने बोलतात. संसर्ग पसरवायचाच असता तर याहून चांगली सोय करता आली नसती.

आता उलट बाजूचं उदाहरण. ऑस्ट्रियातलं इश्गल हे बर्फावरच्या खेळांचं गाव. मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात आइसलँडने कळवलं की तुमच्या इथून परतलेले आमचे लोक बाधित निघत आहेत. स्थानिक अधिकाऱ्यांनी त्यावर म्हटलं की त्यांना लागण परतीच्या विमानात झाली असावी. हंगाम ऐन भरात होता, हे वेगळं सांगायला नको. मग १३ मार्चला खोरं बंद करण्याची घोषणा झाली, तीही अशी अचानक की पर्यटक मिळेल त्या गाडीत सामान कोंबून पळाले आणि युरोपभर विखुरले. नंतरच्या स्वतंत्र चौकशीत या घाईच्या घोषणेवर ठपका आला. आधी दडवणं आणि मग दणकन जाहीर करणं, या दोन्हींची किंमत दूरदूरच्या गावांतल्या लोकांनी मोजली.

मध्यरात्रीच्या आदेशांचा मला राग आहे तो यासाठी. ११ मार्च २०२० च्या रात्री अमेरिकेच्या अध्यक्षांनी युरोपातून येणाऱ्यांवर बंदी जाहीर केली, दोन दिवसांत लागू होणारी. अमेरिकी नागरिकांना ती लागू नव्हती, पण हे लोकांना धड समजलंच नाही. जो तो परतीच्या विमानामागे धावला. त्या शनिवारी शिकागोच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत माणसं तासन्तास खांद्याला खांदा लावून उभी होती. पुढच्या वर्षी ब्रिटनने देशांना हिरवा, पिवळा, लाल असे सिग्नलचे रंग दिले. पोर्तुगाल १७ मे २०२१ ला हिरव्या यादीत आला आणि ८ जूनच्या पहाटे ४ वाजता बाहेर पडला. लोक सुट्टीवर जाऊ लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. पहाटे चारच्या आत पोचला तर मोकळा, नंतर पोचला तर दहा दिवस घरात! आता सांगा, पावणेचारला उतरलेल्या माणसाच्या फुप्फुसात आणि सव्वाचारला उतरलेल्याच्या फुप्फुसात काय फरक असतो? कुठेतरी रेघ मारावी लागते, हे मला कळतं. पण ती मारताना रेघेच्या अलीकडे किती चेंगराचेंगरी होईल, याचा विचार रेघ मारणाऱ्यानेच करायचा असतो.

मी निर्बंधांच्या विरोधात आहे असा समज करून घेऊ नका. माझं पोट प्रवासावर आहे, आणि २०२० मध्ये जगभरातले आंतरराष्ट्रीय पर्यटक आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे तीन चतुर्थांशाने घटले तेव्हा माझ्या धंद्यातली किती माणसं देशोधडीला लागली ते मी पाहिलं आहे. तरीही सांगते, दार लावावं लागतं. १९१८ च्या इन्फ्लुएंझात प्रशांत महासागरातल्या सामोआच्या बेटांचं काय झालं ते आठवा. अमेरिकन सामोआचे गव्हर्नर जॉन पॉयर यांनी साथीच्या बातम्या ऐकून बेटं वेळेवर बंद केली आणि तिथे या साथीने एकही बळी घेतला नाही. शेजारच्या पश्चिम सामोआत ७ नोव्हेंबरला ‘तालुने’ जहाज लागलं, आजारी प्रवासी उतरले, आणि पाहता पाहता लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा गेला. दोन्हीकडे माणसं तीच, समुद्र तोच. एका ठिकाणी बातमी पोचली होती आणि ती ऐकणारा माणूस खुर्चीत होता.

पण सामोआ हे बेट, आणि विषाणू तिथे पोचण्याआधी दार लागलं. तो देशात शिरल्यावर दार लावून काय मिळतं? वुहानच्या प्रवासबंदीचा अभ्यास करणाऱ्यांना २०२० मध्येच आढळलं की चीनच्या इतर भागांत साथ त्यामुळे ३ ते ५ दिवसांनी लांबली. बाहेरच्या देशांत जाणारे रुग्ण सुरुवातीला बरेच घटले, पण आतला संसर्ग कमी केल्याशिवाय पुढे त्याचा फारसा उपयोग नव्हता. बंदीने उसंत मिळते, इतकंच. त्या उसंतीत तुम्ही खाटा वाढवल्यात का, तपासण्या वाढवल्यात का, हे विचारायचा हक्क विमानतळाच्या फरशीवर झोपलेल्या माणसाला आहे.

यासाठी नवं काही लिहायची गरजही नाही. तुमच्याच सह्यांचा कागद आहे. २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम १९६ देशांना बंधनकारक आहेत. कलम ४३ म्हणतं की कुणाला प्रवेश नाकारला किंवा २४ तासांहून जास्त अडकवलं, तर त्याचं आरोग्यविषयक कारण ४८ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवा आणि तीन महिन्यांत त्या निर्णयाचा फेरविचार करा. कलम ३२ म्हणतं, प्रवाशांना सन्मानाने वागवा, अडकवून ठेवलं असेल तर अन्न, पाणी, औषधोपचार आणि निरोप पाठवण्याची सोय द्या. कलम ४० तर वाचून मी थक्क झाले. त्यानुसार तात्पुरत्या आलेल्या प्रवाशाकडून सार्वजनिक आरोग्यासाठी केलेल्या विलगीकरणाचे पैसे घ्यायचे नाहीत. आणि महासाथीत किती देशांनी हॉटेलातल्या सक्तीच्या मुक्कामाचं बिल प्रवाशाच्याच हातात ठेवलं! माझ्या गटातल्या एका जोडप्याने अशा एका ठिकाणी, न उघडणाऱ्या खिडकीच्या खोलीत, साठवलेल्या पैशातला मोठा भाग घालवला. मी तेव्हा त्यांना ‘नियम आहे’ म्हणून समजावलं. कलम ४० मला माहीत नव्हतं.

कलम २८ जहाजांबद्दल आहे. बंदरात पुरेशी सोय नसेल तर गोष्ट वेगळी, एरवी आरोग्याचं कारण सांगून जहाजाला परत पाठवू नये, असं ते सांगतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘वेस्टरडॅम’ हे पर्यटन जहाज दोन हजारांहून जास्त माणसं घेऊन बंदर शोधत होतं. पाच ठिकाणी नकार मिळाला. शेवटी १३ फेब्रुवारीला कंबोडियाने सिहानुकव्हिलला त्याला जागा दिली. त्या आधीच्या आठवड्यात योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकलेलं होतं. ३,७११ माणसं, त्यातली ७१२ बाधित झाली.

‘डायमंड प्रिन्सेस’बद्दल बोलताना सगळे खोलीत कोंडलेल्या प्रवाशांबद्दल बोलतात. मला त्यांच्या दाराशी जेवणाचं ताट ठेवणारे दिसतात. प्रवाशांना खोलीत राहण्याचा आदेश होता, तर खलाशी आणि कर्मचारी स्वयंपाक करत होते, ताटं पोचवत होते आणि रात्री दाटीवाटीच्या खोल्यांत एकत्र झोपत होते. त्यांच्यात संसर्ग चालूच राहिला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २०२० च्या मध्याला आलेल्या दुसऱ्या लाटेचं मूळही विलगीकरणाच्या हॉटेलांतच सापडलं. पाहुण्यांवर पहारा ठेवणाऱ्यांना लागण झाली आणि ते रोज घरी जात होते. विलगीकरण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर प्रवासी येतो. त्याच्यावर पहारा ठेवणारा, त्याची चादर बदलणारी, त्याला टॅक्सीतून नेणारा, यांच्या तपासण्या, मास्क आणि भरपगारी सुट्टी आदेशात कुठेच नसते. खोकला आला तर एक दिवसाचा रोज बुडणार असेल, तर पहारेकरीही त्या चौकोनात ‘नाही’च लिहिणार.

खबरदारीच्या नावाखाली चाललेल्या काही गमतीही सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल. रांगेत सहा-सहा फुटांवर पिवळी वर्तुळं, त्यात शहाण्या मुलांसारखे आम्ही उभे. बोर्डिंग झालं की त्याच आम्हाला विमानापर्यंत नेणाऱ्या बसमध्ये असं कोंबायचं की हात वर करायला जागा नाही! सामानाच्या बॅगांवर फवारणी, आणि माणसांनी भरलेल्या हॉलच्या खिडक्या मात्र बंद. विषाणू हवेतून पसरतो हे पुरतं समजल्यावरही कित्येक महिने फवारणी चालूच होती, कारण फवारणी दिसते आणि खेळती हवा दिसत नाही. आमचे पर्यटकही काही धुतल्या तांदळाचे नव्हते. नाकाखाली मास्क घालून शिंकणारे आणि वर ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून क्रूशी भांडणारे मी सांभाळले आहेत. त्यांना माझ्या भाषेत समजावलं आहे, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

शहाणपणाने वागलेलं कुणी नव्हतंच असंही नाही. आइसलँडने १९ ऑगस्ट २०२० पासून येणाऱ्यांना सरळ पर्याय दिला. १४ दिवस विलगीकरणात राहा, किंवा उतरल्यावर एक चाचणी द्या, पाचेक दिवस वेगळे राहा आणि मग दुसरी द्या. पहिल्या चाचणीत निसटलेला दुसरीत सापडावा, हे त्यामागचं गणित. पाच दिवस का, हे माझ्या गटातल्या ऐंशी वर्षांच्या आजींनाही एका वाक्यात समजलं. ज्या नियमाचं कारण समजतं, तो मोडायला माणसाचा हात सहज पुढे होत नाही.

याउलट प्रवाशाला दाखवाव्या लागणाऱ्या ‘७२ तासांच्या’ आरटी-पीसीआर अहवालाचा गोंधळ. नमुना दिल्यापासून ७२ तास की अहवाल मिळाल्यापासून? सुटण्याच्या वेळेपर्यंत की पोचण्याच्या? पहिल्या विमानाच्या की शेवटच्या? हे देशागणिक वेगळं होतं. विमानाला चार तास उशीर झाला म्हणून अहवाल शिळा झालेली माणसं मी पाहिली आहेत. बरं झाल्यावरही विषाणूचे मृत अवशेष आठवडेच्या आठवडे चाचणीत दिसत राहतात. अशी ठणठणीत माणसं ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दापायी परक्या देशात अडकून पडली. लसींचंही तेच. युरोपात मिळणारी व्हॅक्सझेव्हरिया आणि भारतात बनलेली कोव्हिशील्ड या एकाच सूत्राच्या लसी, पण २०२१ च्या उन्हाळ्यात युरोपीय महासंघाच्या प्रमाणपत्रात पहिली आपोआप चालत होती आणि दुसरी ज्या त्या देशाच्या मर्जीवर. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड मात्र किती वर्षं निमूटपणे काम करत आहे! लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू आणि ११ जुलै २०१६ पासून जन्मभर वैध. इमिग्रेशनच्या खिडकीपाशी त्या कार्डावरून वाद घालताना मी कुणाला पाहिलेलं नाही. म्हणजे सगळ्यांनी मिळून एक कागद मानणं तुम्हाला जमतं.

या आरोग्य नियमांत २०२४ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि १९ सप्टेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. ‘महासाथीची आणीबाणी’ अशी इशाऱ्याची नवी पायरी त्यात आली, प्रमाणपत्रं डिजिटलही असू शकतील असं आलं. ठीक आहे. आता त्याखाली तुम्ही आपापल्या देशांचे आदेश लिहायला बसाल, तेव्हा एवढं करा.

निर्बंध लावता त्याच दिवशी तो कशावरून उठवाल हे लिहा. हवेत असलेल्या विमानांना आणि निघालेल्या जहाजांना जुनाच नियम लावा, आणि बाकीच्यांना घरी परतायला निदान काही दिवस द्या. ज्या देशाने नवा प्रकार पहिल्यांदा कळवला, त्याला बंदीच्या यादीत टाकण्याआधी त्याच्याकडे तपासणीची सामग्री, औषधं आणि माणसं पाठवा.

आणि तो विमानातला कागद बदला. ‘होय’च्या चौकोनाशेजारी चार ओळींची जागा आहे, मी मोजून पाहिली आहे. त्यात छापा: तुमची तपासणी मोफत होईल. तुम्हाला अमुक ठिकाणी, जास्तीत जास्त इतके दिवस ठेवलं जाईल आणि सोबतच्या माणसाला हवं असल्यास तुमच्याजवळ राहता येईल. खर्च सरकारचा. परतीचं तिकीट जादा पैसे न घेता पुढच्या तारखेचं मिळेल.

या चार ओळी खऱ्या करायला पैसे लागतील, विमान कंपन्यांशी वाद घालावे लागतील, हॉटेलं राखून ठेवावी लागतील. ते काम साथ नसलेल्या दिवसांतच होऊ शकतं, म्हणून आत्ता लिहिते आहे. ते शिक्षक अजून माझ्या गटात येतात. परवाच फोन होता त्यांचा, पुढच्या सहलीच्या तारखा विचारायला. पुन्हा कधी असा कागद हातात आला आणि त्यांनी मागे वळून “मॅडम, काय लिहू?” म्हणून विचारलं, तर मला त्या ओळींवर बोट ठेवता यायला हवं.

कळावे,

आपली,
बसमध्ये सगळ्यांत शेवटी चढणारी एक टूर लीडर